प्रोस्टेटचं चित्र माझं तीनदा चुकलं त्याची गोष्ट

सुरुवात सर्दीच्या गोळीने झाली असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात, पण खरंच तसंच झालं. मागच्या डिसेंबरात साडूच्या मुलीचं लग्न होतं कोल्हापुरात, मला दोन दिवस आधीपासून नाक गळत होतं, मेडिकलवाल्याने एक पाकीट हातात दिलं, म्हणाला सर दुपारी एक आणि रात्री एक, मी शहाणा, लग्नात शिंका नकोत म्हणून दुपारीच दोन घेतल्या. वर पंगतीत दोन ग्लास मठ्ठा, निघताना चहा, आणि परतीच्या गाडीत सगळ्या बायका-पाव्हणे, मध्ये गाडी थांबवा म्हणायची लाज वाटली म्हणून दाबून बसलो. साडेनऊला तासगावात घरी पोचलो, चप्पल न काढता बाथरूममध्ये पळालो, आणि काहीच नाही. कमी नाही, थेंबच नाही. नळ सोडून बघितला, उकिडवं बसून बघितलं, गरम पाण्याची पिशवी झाली. साडेअकराला बेंबीखाली हात लावला तर आत नारळ ठेवल्यासारखा टणक गोळा, बोट लागलं तरी जीव जात होता. बायको म्हणाली, "अहो आता लाजू नका, मी शेजारी गाडी काढायला सांगते."

मी रिटायर्ड चित्रकला शिक्षक, वय 66. एकोणतीस वर्षं पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, वस्तुचित्रात तांब्याची कड चुकली तर पेपर परत करणारा माणूस. आणि स्वतःच्या शरीरात लघवीच्या वाटेवर काय काय आहे हे मला माहीत नव्हतं. तीन-चार वर्षं रात्री तीनदा उठत होतो, धार सुरू व्हायला वेळ लागायचा, संपली म्हणून वळलो की पायजम्यावर दोन थेंब, पण हे सगळं वयाच्या खात्यावर टाकून मोकळा झालो होतो. शाळेतले जुने मित्र कट्ट्यावर बसतात तेव्हा शुगर, गुडघे, मोतीबिंदू सगळ्यावर बोलतात, ह्यावर कोणी बोलत नाही, फक्त मधेच एकेक जण उठून भिंतीकडे जाऊन येतो.

त्या रात्री जवळच्या एका छोट्या दवाखान्यात गेलो. तिथे ड्यूटीवर जो मुलगा होता त्याने नळी घातली म्हणण्यापेक्षा ढकलली. जेली अशी नावाला लावली आणि सुरू. अर्ध्या वाटेत ती अडली, त्याने जोर केला, मी ओरडलो, रक्त आलं, तो घाबरला आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर नाईट पॅन्टवर स्वेटर चढवून आले. त्यांनी आधी सुई नसलेल्या सिरिंजने जेली लघवीच्या वाटेच्या तोंडातून आत सोडली आणि चक्क पाच मिनिटं काहीच केलं नाही, उभे राहिले, मला विचारलं कुठल्या शाळेत होता, काय शिकवायचा. मग म्हणाले, "सर, आत एक दार आहे, तुम्ही जितकं आवळून धराल तितकं ते बंद राहणार. पायाचे अंगठे हलवा, हलवत राहा, आणि लघवी करताना सोडता तसं सोडा." मी अंगठे हलवत राहिलो आणि नळी एका जागी थोडी थबकली आणि गेली. सोळा नंबरची होती. नंबर म्हणजे फ्रेंच माप, तीन नंबरला एक मिलीमीटर, म्हणजे सोळा नंबर साधारण सव्वापाच मिलीमीटर जाड, आपली शाळेची पेन्सिल सात-साडेसात असते त्यापेक्षा बारीक. पिशवीत साडेनऊशे मिली जमा झाली. माणसाला साधारण चारशे-पाचशेला घाई होते म्हणे, माझी दुप्पट साठली होती. त्या दहा मिनिटांत जे सुख मिळालं ते मी सांगू शकत नाही, बायको बाहेर होती आणि मी आत रडत होतो, दुखून नाही.

सकाळी डॉक्टर राउंडला आले तेव्हा पहिला प्रश्न, काही औषध घेतलं होतं का. पाकीट दाखवलं. ते म्हणाले, हेच. नाक मोकळं करणारं औषध नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतं, पण ब्लॅडरच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या, तोंडाशी आणि प्रोस्टेट नावाच्या ग्रंथीमध्ये जे बारीक स्नायू असतात त्यांनाही तोच हुकूम जातो, तेही आवळतात. वर त्याच गोळीत शिंका थांबवणारं जे औषध असतं ते ब्लॅडरचा जोर कमी करतं. म्हणजे दार घट्ट आणि ढकलणारा ढिला. तुमची वाट आधीच अरुंद होती, गोळीने फक्त कडी लावली.

वाट अरुंद म्हणजे काय, मी विचारलं, आणि त्यांच्याच प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला पेनने काढून दाखवलं मला काय वाटतं ते. वर लघवीची पिशवी काढली, खाली तिची नळी, आणि नळीच्या शेजारी फांदीला आंबा लटकावा तशी एक गाठ, ती प्रोस्टेट. गाठ मोठी होते आणि बाजूने नळीला दाबते, असं माझ्या डोक्यात होतं. डॉक्टर हसले. म्हणाले, "सर, शून्य मार्क. शेजारी नाही, नळी तिच्या आतून जाते." हे पहिलं चुकलेलं चित्र. आणि खरं सांगतो, ह्या एका वाक्यानं निम्मं कोडं सुटलं. सगळ्या पुरुषांना जन्मापासून ही ग्रंथी असते, ती काही आजाराने आलेली गाठ नव्हे, आणि लघवीची नळी ब्लॅडरमधून निघाल्यावर पहिले तीनेक सेंटीमीटर ह्या ग्रंथीच्या पोटातून जाते. मण्यातून दोरा जातो तशी. म्हणून मणी आतल्या बाजूने सुजला की दोरा चिरडतो.

त्यांनी मिरजेला एका युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरकडे, पाठवलं. मिरजेत काय, दर दोन बोर्डांमागे एक दवाखान्याचा. तिथे आधी सोनोग्राफी. सोनोग्राफीवाल्या मॅडमनी तीन मापं सांगितली, 4.9, 4.6, 5.2 सेंटीमीटर, आणि रिपोर्टवर लिहिलं 61 ग्रॅम. मला हे कसं काढलं ते कळेना म्हणून विचारलं, तर म्हणाल्या तिन्हीचा गुणाकार करायचा आणि परत 0.52 ने गुणायचं, अंडाकृती वस्तूचं घनफळ. मी रिक्षात बसून मोबाईलवर करून बघितलं, बरोबर आलं. तरुणपणी ही ग्रंथी वीसेक ग्रॅमची असते, चार सेंटीमीटर रुंद, तीन उंच, दोन जाड. पुस्तकवाले अक्रोड म्हणतात, आमच्याकडे अक्रोड कोण खातो, युरॉलॉजिस्ट म्हणाले सर सुपारीचा चिक्कू झालाय एवढं लक्षात ठेवा.

पण चिक्कूपेक्षा पुढची ओळ महत्त्वाची होती, मीडियन लोब, ब्लॅडरमध्ये 11 मिलीमीटर वर आलेला. हे डॉक्टरांनी नीट समजावलं. ग्रंथी सगळीकडून सारखी वाढत नाही. तिचे आत भाग आहेत, जॉन मॅकनील नावाच्या पॅथॉलॉजिस्टने ते नीट वेगळे करून दाखवले. बाहेरचा आणि मागचा भाग सगळ्यात मोठा, जवळजवळ 70 टक्के. मधला 25 टक्के. आणि नळीच्या दोन्ही अंगाला चिकटून एक चिमुकला भाग, तरुणपणी जेमतेम 5 टक्के. म्हातारपणी वाढतो तो हा 5 टक्केवाला. घरात सगळ्यात लहान भाऊ आणि तोच पुढे सगळ्यांच्या छाताडावर बसतो तसं. तो वाढत वाढत बाकीच्या ग्रंथीला बाहेर दाबतो, तिची साल होते, आणि आत नळीला दोन्हीकडून चेपतो. कधीकधी ब्लॅडरच्या तोंडाशी एक जीभ वर येते, ती म्हणजे मीडियन लोब, आणि लघवीचा जोर केला की ती जीभ तोंडावरच येऊन बसते. म्हणून मी जितका कुंथायचो तितकी धार बारीक व्हायची. हे मला चार वर्षं कळलं नव्हतं, मी जोर वाढवत होतो.

आमच्या कॉलनीत एक निवृत्त तलाठी आहेत, त्यांची 90 ग्रॅमची निघाली होती पोटाच्या दुसऱ्याच सोनोग्राफीत, आणि गडी रात्रभर गाढ झोपतो. कुठे वाढली ते बघायचं, किती ते नंतर. हे मी आता सगळ्यांना सांगत फिरतो.

मग ती तपासणी. बोटाची. ह्यावर जरा लिहितो, कारण अर्धे लोक ह्याच भीतीने डॉक्टरकडे जात नाहीत. डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी, ग्लोव्ह, जेली, आणि अर्धा मिनिट. दुखत नाही, फक्त कुठे बघावं कळत नाही, मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो, गूळ व्यापाऱ्याचं होतं. तिथून का तपासतात तर ग्रंथीची पाठ बरोबर गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला लागून आहे, मध्ये फक्त एक पातळ पडदा. त्या पडद्यालाही नाव आहे, देनोंव्हिलिए नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1836 मध्ये तो दाखवला. कॅन्सर बहुतेक वेळा त्या बाहेरच्या मागच्या 70 टक्के भागात सुरू होतो, म्हणजे नेमका बोटाला लागेल अशा जागी. डॉक्टर म्हणाले, "सर, नाकाचा शेंडा दाबून बघा. आता कपाळ दाबा. शेंड्यासारखं लागलं तर आम्ही खूश, कपाळासारखं लागलं की पुढच्या तपासण्या." माझं शेंड्यासारखं, गुळगुळीत, फक्त मधली खाच पुसली गेलेली. मी घरी येऊन नाक दाबत बसलो, बायकोनं विचारलं परत सर्दी का.

पीएसए ही प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका बघायची रक्ततपासणी मात्र घोळ करून गेली. मी आपल्या मनाने तिसऱ्याच दिवशी लॅबमध्ये जाऊन रक्त देऊन आलो, 11 आलं, रिपोर्टवर चारच्या वर म्हणजे लाल ठळक अक्षर. त्या रात्री मी जेवलो नाही. डॉक्टर रागावले, नळी घातलेली, लघवी अडलेली, आत ओरखडे, अशा वेळी वाढणारच, पीएसए हे त्या ग्रंथीनंच बनवलेलं द्रव्य आहे, वीर्य पातळ ठेवायला, ग्रंथी दुखावली की रक्तात जास्त सांडतं. आठ आठवड्यांनी परत केलं, 3.4. मधले आठ आठवडे मी कसे काढले ते मला माहीत. त्यात भर म्हणजे गल्लीतल्या एकांना फक्त कंबर दुखते म्हणून एमआरआय केला आणि मणक्यात प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता, ते आठवत राहायचं. हेही डॉक्टरांना विचारलं, प्रोस्टेट कुठे मणका कुठे. तर ग्रंथीभोवती शिरांचं जाळं आहे आणि ते मणक्याच्या शिरांच्या जाळ्याला जोडलेलं आहे, आणि त्या शिरांना झडपा नसतात, रक्त इकडून तिकडे कसंही जाऊ शकतं. बॅट्सन नावाच्या माणसानं 1940 मध्ये हे सांगितलं. म्हणून कंबर.

नळी पाचव्या दिवशी काढली, टॅमसुलोसिन हे वाट ढिली करणारं औषध सुरू झालं, रात्री झोपताना घ्यायचं कारण उठलं की चक्कर येते. धार आली, पण ओल्या चपातीसारखी, तुटत. दोन महिन्यांनी फ्लो टेस्ट केली, त्यात एका नरसाळ्यात लघवी करायची आणि मशीन ग्राफ काढतं. सेकंदाला 15 मिलीच्या वर असेल तर बरं, माझी 7, आणि नंतर ब्लॅडरमध्ये 210 मिली उरलेली. ग्राफ बघून मला आमच्या शाळेच्या मागची टेकडी आठवली, चढच नाही, नुसती लांब पसरलेली. मार्चमध्ये परत एकदा अडलं, ह्यावेळी गोळी नाही काही नाही, साधा बद्धकोष्ठ. परत नळी. मग ऑपरेशन ठरलं, टीयूआरपी, म्हणजे लघवीच्या वाटेनेच आत जाऊन ग्रंथी आतून खरवडायची.

दुसरं चित्र ह्या दरम्यान चुकलं. मी आता शहाणा झालो होतो, नळी आतून काढली, ग्रंथीला भोवऱ्याचा आकार दिला, आणि भोवरा उलटा ठेवला, म्हणजे टोक वर ब्लॅडरकडे आणि रुंद भाग खाली, कारण डॉक्टरांच्या तोंडून बेस हा शब्द ऐकला होता आणि बेस म्हणजे पाया, पाया खाली असणार. तसं नाही. बेस वर असतो, ब्लॅडरला चिकटलेला, आणि टोक खाली. म्हणजे भोवरा जसा फिरतो तसाच, आर खाली. फक्त आर मधोमध नसून जरा पुढच्या अंगाने जाते आणि मध्येच एक वाक घेते, साधारण 35 अंशाचा. त्या वाकाच्या जागी नळीच्या मागच्या भिंतीवर एक छोटा उंचवटा असतो, त्याला हे लोक लाडाने वेरू म्हणतात. वीर्याच्या दोन्ही नळ्या त्या उंचवट्याशी उघडतात. मागे वर, ब्लॅडर आणि गुदाशयाच्या मध्ये, दोन शुक्राशय असतात, सशाच्या कानासारखे, त्यांची वाट आणि अंडकोषाकडून लांब फिरून आलेली वाट एकत्र होऊन ग्रंथीत शिरते आणि इथे बाहेर पडते. म्हणजे वेरूच्या वर फक्त लघवीचा रस्ता, वेरूपासून खाली दोघांचा एकच रस्ता. आमच्या भिलवडीच्या फाट्यासारखं.

आणि दारं दोन. हे मला फार आवडलं. एक वर ब्लॅडरच्या तोंडाशी, ते आपल्या हातात नाही, आपोआप चालतं. दुसरं टोकाच्या खाली, जमिनीच्या पातळीवर म्हणा, ते आपल्या हातात, गाडीत मी जे आवळून बसलो होतो ते हे. आणि त्या रात्री नळी जिथे अडली तेही हेच. ऑपरेशनमध्ये वरचं दार जातं, खालचं राहतं, आणि राहिलंच पाहिजे.

शेजारच्या वैद्यबुवांना चित्र दाखवलं तर ते म्हणाले हे सुश्रुतात आहे, मूत्राघाताच्या, म्हणजे लघवी अडण्याच्या, बारा प्रकारांत वाताष्ठीला म्हणून, मळाचा मार्ग आणि बस्ती म्हणजे ब्लॅडर ह्यांच्या मधे दगडासारखा वर आलेला गोळा. जागा तर बरोबर सांगितली आहे. वैद्यबुवा पुढे काढा घ्या म्हणाले, मी हो म्हणून घरी आलो, साडेनऊशे मिली आठवलं की काढ्याचा धीर होत नाही. युरोपात व्हेसेलियस नावाच्या शरीररचनेच्या अभ्यासकानं 1538 मध्ये चित्रात ही ग्रंथी दाखवली, आणि चित्रकार लिओनार्दो दा विंचीनं मात्र इतकी मढी फाडून, इतकी चित्रं काढून ही एक सोडलीच. हे वाचून मला फार बरं वाटलं. माझं तीनदा चुकलं तर काय बिघडलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बायको औषधं आणायला खाली गेली तेव्हा मी डॉक्टरांना जो प्रश्न विचारायचा होता तो विचारला, म्हणजे विचारला नाही, "बाकी सगळं...?" एवढंच म्हणालो. त्यांना सवय असणार. म्हणाले, ताठरपणाच्या नसा ग्रंथीच्या आत नसतात, सालीच्या बाहेर असतात, मागच्या दोन कोपऱ्यांना, घड्याळात पाच आणि सात वाजतात तिथे, आम्ही आतून खरवडणार, सहसा त्यांना धक्का लागत नाही. पूर्वी कॅन्सरसाठी पूर्ण ग्रंथी काढायचे तेव्हा ते सुख जवळजवळ प्रत्येकाचं जायचं, कारण ह्या नसा नेमक्या कुठून जातात हेच कोणी नीट बघितलं नव्हतं. 1981 मध्ये अमेरिकेतले सर्जन पॅट्रिक वॉल्श हॉलंडला गेले, तिथल्या डोंकर नावाच्या निवृत्त प्राध्यापकांबरोबर मृत जन्मलेल्या बाळाच्या शरीरात त्या नसा शोधल्या, कारण मोठ्या माणसाच्या मढ्यात चरबीत त्या दिसत नाहीत, आणि पुढच्या वर्षी नसा वाचवून पहिलं ऑपरेशन केलं. 1982. मी तेव्हा एटीडीला, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या डिप्लोमाला होतो, आम्ही रोज स्केलेटन काढायचो, आत काय असतं कोणी विचारलं नव्हतं. मग डॉक्टर म्हणाले एक गोष्ट मात्र बदलेल, वरचं दार गेल्यामुळे वीर्य बाहेर न येता उलटं ब्लॅडरमध्ये जाईल, लघवीतून निघून जाईल, त्रास काही नाही. मी म्हटलं ह्या वयात पाळणा हलवायचा नाही मला. तेवढ्यात बायको आली आणि आम्ही दोघं एकदम पगारवाढीवर बोलायला लागलो.

ऑपरेशनला कमरेखाली भूल दिली, म्हणजे मी जागा. पाय वर बांधलेले, मध्ये हिरवा पडदा, आणि पडद्याच्या बाजूने स्क्रीन दिसत होता. मी म्हटलं मला बघायचं आहे. तेवढ्यात मास्क लावलेला एक ब्रदर जवळ येऊन कानात म्हणाला, "सर, ओळखलं का? नववी ब. तुम्ही माझं निसर्गचित्र फाडलं होतं." मी तिथे तसा, पाय वर, आणि हा नववी ब. म्हटलं बाबा झाडं जांभळी काढली असशील. म्हणाला हो सर.

स्क्रीनवर आधी गुलाबी बोगदा. मग एक गोल सुरकुतलेलं तोंड, पाण्याच्या जोराने हळूच उघडलं, डॉक्टर म्हणाले हे तुमचं खालचं दार सर, ह्याला हात लावायचा नाही. मग समोर तो उंचवटा, वेरू, तांदळाच्या दाण्यासारखा, इतका छोटा, आणि डॉक्टर म्हणाले ही आमची लक्ष्मणरेषा, हिच्या खाली कापलं की माणूस आयुष्यभर पॅड लावतो. आणि त्याच्या पुढे रस्ताच नव्हता. दोन्ही बाजूंनी दोन फुगलेले गाल एकमेकांना चिकटलेले, मध्ये फक्त एक चीर. ही चीर म्हणजे माझी लघवीची वाट. कॅमेरा ती फट ढकलत वर गेला, मीडियन लोबची जीभ दिसली, आणि एकदम मोठी पोकळी, ब्लॅडर. तिची भिंत गुळगुळीत असायला पाहिजे, माझी दोरखंडांनी विणल्यासारखी, जाळीजाळीची, वर्षानुवर्षं जोर लावून स्नायू जाड झालेला. मी एवढा वेळ प्रोस्टेटला शिव्या देत होतो, बिचारं ब्लॅडर कसं राबत होतं ते तेव्हा दिसलं.

मग तारेची एक छोटी कडी आणि त्यातून वीज. कडी पुढे नेऊन मागे ओढायची, की एक पट्टी सुटून यायची, सुताराच्या रंध्यातून निघते तशी वळलेली, फिकट पिवळट, आणि पाण्यात तरंगत ब्लॅडरमध्ये जायची. परत. परत. वर तीन लिटरच्या सलाईनच्या पिशव्या टांगलेल्या, सारखं पाणी आत बाहेर. पूर्वी ग्लायसिनचं पाणी वापरायचे, ते उघड्या शिरांतून रक्तात जास्त गेलं की सोडियम उतरायचं आणि पेशंट बरळायला लागायचा, म्हणून जागं ठेवायचे, आता ह्या मशीनला सलाईन चालतं. मध्येच डॉक्टर म्हणाले, "पाच वाजता ब्लीडर आहे." मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, दहा चाळीस. नंतर कळलं की ब्लीडर म्हणजे रक्त गळणारी जागा, नळीत बघताना हे लोक दिशा घड्याळात सांगतात, आणि ग्रंथीच्या रक्तवाहिन्या ब्लॅडरच्या तोंडाशी साधारण पाच आणि सात वाजताच येतात. पुढेपुढे पिवळं संपून पांढरे चकचकीत आडवे धागे दिसायला लागले. साल आली, डॉक्टर म्हणाले, इथे थांबायचं. पंचावन्न मिनिटं लागली. शेवटी एका रबरी फुग्याने सगळ्या चिप्स, म्हणजे त्या सुटलेल्या पट्ट्या, ओढून काढल्या आणि नववी ब नं बरणी माझ्यासमोर धरली. भिजवलेल्या पोह्यांसारखं दिसत होतं. तेव्हापासून महिनाभर मी पोहे खाल्ले नाहीत.

हे बघूनही माझं तिसरं चित्र चुकलं. वॉर्डात पडल्या पडल्या मी काढलं ब्लॅडर, खाली रिकामी जागा, आणि मग नळी, कारण माझ्या मते प्रोस्टेट गेलं, विषय संपला. डॉक्टरांनी पेन घेऊन रिकाम्या जागेभोवती जाड कडा काढली. साल आहे अजून. संत्र्याचा गर काढला, साल तशीच, आणि ती साल म्हणजेच तो बाहेरचा 70 टक्केवाला भाग, कॅन्सरची आवडती जागा. तेव्हा वर्षातून एकदा पीएसए आणि नाकाच्या शेंड्याची परीक्षा चालूच. ऑपरेशन झालेले कितीतरी लोक आपल्याला आता प्रोस्टेटच नाही असं समजून फिरतात, मी पण फिरलो असतो.

ऑपरेशननंतरची नळी 22 नंबरची, म्हणजे बरोब्बर पेन्सिल. तिला तीन वाटा, एकीतून पाणी आत, एकीतून बाहेर, एक फुग्याची. पहिल्या रात्री पाणी रुह अफजासारखं, सकाळी फिकट. रात्री दोनला एक गाठ अडकली आणि परत तोच डिसेंबरचा नारळ, सिस्टरने मोठ्या सिरिंजने पाणी मारून ओढली तेव्हा सुटलो. तिसऱ्या दिवशी नळी काढली. पहिली लघवी मिरची लागल्यासारखी आग, पण धार, अहो धार, भांड्यावर आवाज आला, पलीकडच्या कॉटवरचे आजोबा म्हणाले, "सुटली का?" मी म्हटलं सुटली.

दोन-तीन आठवडे आली की धावायचं, कधी पोचायच्या आधीच थोडी. वरचं दार नाही, खालच्यावर सगळा भार, त्याला सवय नाही. व्यायाम दिला होता, लघवी मधेच थांबवायला जे आवळतो तेच आवळायचं, दहा मोजून सोडायचं, बसून, उभं राहून, बँकेच्या रांगेतसुद्धा, कोणाला कळत नाही. पोट साफ ठेवायचं म्हणून रात्री इसबगोल, मागे गुदाशय आहे आणि मध्ये तो फ्रेंच पडदा, कुंथलं की जोर थेट ताज्या जखमेवर. आणि वजन उचलायचं नाही. बाराव्या दिवशी मला बरं वाटायला लागलं म्हणून भावाच्या शेडवर गेलो आणि बेदाण्याचं एक खोकं उचलून गाडीत ठेवलं, एकच, संध्याकाळी लघवी लाल. डॉक्टर फोनवर म्हणाले पाणी प्या, झोपा, आणि शेडवर गेल्याबद्दल शंभर वेळा लिहून काढा. दोन दिवसांत थांबलं. चिप्सचा रिपोर्ट साधा आला. फ्लो आता 19, ग्राफला चढ आहे.

गेल्या आठवड्यात कट्ट्यावर एक मित्र कडेला घेऊन गेला. सोनोग्राफीत 34 ग्रॅमची आली म्हणाला, तोंड उतरलेलं, रात्री दोनदा उठतो, बाकी काही नाही. मी खिशातून कागद काढला, चौथं चित्र, भोवरा, आर, साल, दोन दारं, सगळं जागच्या जागी. तो बघत राहिला आणि एवढ्यात जोरात शिंकला.

म्हटलं थांब, गोळी कुठली घेतलीस आधी ते सांग.